सापशिडीतला फासा काढून टाक

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद. स्त्री-चळवळीच्या इतिहासावर तू केलेला सापशिडीचा पट मिळाला. चित्रे सुरेख आहेत, अक्षर सातवीच्या मुलांना वाचता येईल असे आहे. माझी हरकत फक्त फाशाला आहे. १८४८ सालच्या भिडेवाड्यातील शाळेची शिडी कोणाला मिळावी आणि सनातन्यांच्या विरोधाचा साप कोणाला डसावा, हे तुझ्या पटावर पडलेल्या दानावर ठरते. सापशिडीचे जुने रूप असलेल्या मोक्षपटात पापपुण्याचा आणि दैवाचा हिशेब शिकवायचा असल्याने तेथे फासा शोभतो. पण ज्या स्त्रियांनी दैव मानण्यास नकार दिला त्यांची हकिगत दैवाच्या खेळात बसवली, तर मुले नावे आणि सनावळ्या पाठ करतील आणि अर्थ मात्र उलटा घेऊन घरी जातील.

त्याऐवजी एकच प्रकरण घे आणि त्यातील पेचांवरच खेळाचे नियम बेत. मला रखमाबाईंचा खटला यासाठी सर्वांत योग्य वाटतो. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने पुढे नांदायला जाण्याचे नाकारले, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर, मार्च १८८७ मध्ये, न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. येथे प्रत्येक वळणावर कोणीतरी काहीतरी ठरवले आहे, आणि खेळाडूनेही तेच करायचे आहे: 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने पत्र पाठवावे का, 'केसरी'च्या टीकेला उत्तर द्यावे की मौन पाळावे, तडजोड स्वीकारावी की नाही. दादाजींना खलनायक रंगवू नकोस. त्यांच्या हातात कायद्याचे पत्ते दे. धर्मरक्षणाच्या नावाने ज्या दाव्याची पाठराखण झाली, तो दावा मुळात इंग्रजी कायद्यातून आलेला होता, आणि पिन्हे यांनी नेमके त्यावरच बोट ठेवले होते. हा पत्ता उलटला की वर्गात आपोआप वाद सुरू होईल, तो तू मिटवू नकोस.

सगळेच मात्र खेळण्याजोगे नसते. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेला अत्याचार पटावर आणू नकोस. मोठ्या वर्गांसाठी त्या प्रकरणात पोलिसांना निर्दोष सोडणाऱ्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र आणि बलात्कारविषयक कायद्यातील १९८३ ची दुरुस्ती वाचायला दे. तसेच अस्पृश्यतेचा अपमान सोसणारी भूमिका कोणत्याही मुलाच्या वाट्याला देऊ नकोस, कारण वर्गातल्या काहींसाठी ती भूमिका नसते. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिला घ्यायचे असेल तर लेखिका म्हणून घे: १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आलेला तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध म्हणजे जवळजवळ तुझ्या खेळाडूंच्याच वयाच्या मुलीचा युक्तिवाद आहे, आणि त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचणे हीच एक खेळी होऊ शकते.

नियम एका पानात बसव आणि खेळ एका तासिकेत संपेल असे पाहा. शाळा त्याहून अधिक वेळ देत नाहीत. रखमाबाईंचा पट तयार झाला की आधी पत्त्यांचा मजकूर पाठव, चित्रे नंतर पाहू.

तुझी,
बाई