इंग्रज कवी जॉन कीट्सच्या 'ला बेल दाम सां मेर्सी' (फ्रेंच शीर्षक, अर्थ 'निर्दय सुंदरी') या कवितेतली ती बाई खरंच निर्दय आहे का? कवितेतल्या प्रतिमा कशा वाचायच्या?

बी.ए.ला असताना "परी म्हणजे घातकी सौंदर्याचं प्रतीक" असं लिहून मीही मोकळी झाले होते. पुढे कविता पुन्हा पुन्हा वाचली आणि ते उत्तर पटेनासं झालं.

गोष्ट एवढीच: तळ्याकाठी एक शिलेदार एकटाच, फिकुटलेला भटकतोय. कुणीतरी कारण विचारतं. तो सांगतो, माळावर परीची लेक वाटावी अशी बाई भेटली, गुहेत तिने मला जोजवून निजवलं, स्वप्नात पांढरेफटक राजे ओरडले की तू तिचा गुलाम झालास, आणि जाग आली ती गारठलेल्या डोंगरउतारावर. १२ कडव्यांपैकी पहिली ३ विचारणाऱ्याची, बाकी सगळी शिलेदाराची. बाईची बाजू कुठेच नाही.

आता त्याचे हात काय करतात ते बघा. तो तिला फुलांची माळ करतो, मग कंकणं, मग कमरपट्टा. डोकं, मनगट, कंबर, सगळीकडे कडी. तिला घोड्यावर बसवणाराही तोच. ती अनोळखी भाषेत काहीतरी बोलते आणि हा म्हणतो, "तुझ्यावर माझं खरं प्रेम आहे, असंच म्हणाली नक्की." मुळात तिथे 'श्युअर' हा शब्द आहे. भाषा कळत नाही, पण अर्थाची खात्री आहे! माझ्या मते सगळी भूल या एका शब्दात आहे. गुहेत ती रडते, उसासे टाकते. का, ते हा विचारतसुद्धा नाही. आणि तिच्यावरचा आरोप येतो तो फक्त स्वप्नातून.

निसर्गाकडे "शिशिर म्हणजे मरण" एवढंच म्हणून पाहू नका. महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती, हे आपल्या कानात बसलेलं; इथे लव्हाळाच सुकलाय. पण खारीचं कोठार भरलंय, सुगी झालीय. जग तृप्त आहे, उपाशी हा एकटाच. तिने गोड कंदमुळं, रानमध खाऊ घातला, तरी स्वप्नातल्या राजांचे ओठ भुकेने सुकलेले!

कपाळावर लिली, गालावर कोमेजता गुलाब: प्रेमकवितेत ही फुलं प्रेयसीच्या चेहऱ्यावर असायची. इथे ती पुरुषाच्या चेहऱ्यावर आहेत, तापाच्या घामाने भिजलेली. कीट्सने वैद्यकीचं शिक्षण घेतलं होतं. धाकटा भाऊ टॉम १ डिसेंबर १८१८ला क्षयाने गेला, त्याची शुश्रूषा यानेच केली. कविता एप्रिल १८१९मधली. हे कडवं मला त्या खाटेपासून वेगळं करता येत नाही.

मोठ्याने वाचा. प्रत्येक कडव्याची चौथी ओळ तोकडी आहे, श्वास मध्येच तुटल्यासारखी. शेवटी शिलेदार "म्हणून मी इथे आहे" म्हणतो आणि विचारणाऱ्याचेच शब्द त्याला परत करतो: एकटा, फिकुटलेला, लव्हाळा सुकलेला, पक्षी गप्प.