वेड पांघरून पेडगावला : ‘कोलंबो’विषयी वाचकांचे प्रश्न

‘कोलंबो’ या अमेरिकी गुन्हेमालिकेबद्दल आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत. (नाव सारखं असलं तरी श्रीलंकेतल्या शहराशी संबंध नाही. लॉस एंजेलिस पोलिसांतल्या एका लेफ्टनंटचं हे आडनाव.) काही उत्तरांत भागाचा शेवट सांगावा लागला आहे, तिथे आधी सूचना दिली आहे.

प्रश्न : मित्राच्या आग्रहावरून एक भाग लावला. पंधराव्या मिनिटाला खून झाला. कोणी केला ते दिसलं, कसा केला तेही दिसलं. मग पुढचा तासभर बघायचं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ‘कोणी केला’ हा प्रश्न या मालिकेने सुरुवातीलाच निकालात काढलेला असतो. उरतो तो ‘सापडणार कसा’. सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं असूनही खुन्याची चूक आपल्या नजरेतून निसटलेली असते. कोलंबो ती उचलतो तेव्हा आपण भाग मागे नेऊन बघतो, आणि ती तिथे असतेच. शेवटी खुनी उघड करणाऱ्या मालिकेत लेखकाला माहिती दडवून ठेवता येते. इथे ती सोय नाही, म्हणून लेखकाचा कस जास्त लागतो.

ही उलटी बांधणी इंग्रज लेखक ऑस्टिन फ्रीमन यांच्या १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या कथासंग्रहातून रुळली. कोलंबोचे निर्माते रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनी ती दूरचित्रवाणीवर आणली. नायकाचा पिंड त्यांनी घेतला रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधल्या पोर्फिरी पेत्रोविचवरून. हाही तपास अधिकारी नम्र आणि बोलघेवडा, पण संशयिताचा पिच्छा न सोडणारा.

पुढच्या वेळी खुनाच्या दृश्यात एवढं बघा : खुनी कशाला हात लावतो, काय घेऊन येतो, काय घेऊन जातो, दिवा किंवा एसी यांपैकी काय चालू-बंद करतो. आणि पोलिसांसमोर पहिल्यांदा तो काय बोलतो, कसा वागतो. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ‘मर्डर बाय द बुक’मध्ये जोडीने रहस्यकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक दुसऱ्याला मारतो. जोडीदाराचं बरंवाईट झाल्याची बातमी कळल्यावर हा माणूस सॅन दिएगोहून विमानाने धावत येत नाही, गाडी चालवत येतो. स्वतःच्या हिरवळीवर मित्राचा मृतदेह सापडतो, आणि त्यानंतर तो आलेली टपालाची पाकिटं फोडतो. बोटांचा ठसा नाही की रक्ताचा डाग नाही. दुःखात असलेला माणूस असं करेल का, एवढाच कोलंबोचा प्रश्न आहे.

प्रश्न : एकूण भाग किती, आणि सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : एकूण ६९. त्यातले ४५ एनबीसी वाहिनीवर १९६८ ते १९७८ या काळात आले आणि २४ एबीसीवर १९८९ ते २००३ मध्ये. प्रत्येक भाग म्हणजे एक स्वतंत्र चित्रपटच, साधारण सव्वा तास ते पावणेदोन तासांचा. पुढचा-मागचा संबंध जवळजवळ नसतो, त्यामुळे क्रमाने बघायची गरज नाही.

१९६८ च्या पहिल्या चित्रपटापासून मात्र सुरुवात करू नका. त्यात कोलंबो साकारणाऱ्या पीटर फॉकचे केस नीट विंचरलेले आहेत, कोट बऱ्या अवस्थेत आहे आणि तो संशयितावर चक्क आवाज चढवतो. व्यक्तिरेखा अजून मुरलेली नाही. आधी १९७१ चा ‘मर्डर बाय द बुक’ बघा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा चोविशीतला. सुरुवातीला रस्त्यावरून येणारी गाडी दिसते आणि संगीताऐवजी ऐकू येते फक्त टंकलेखन यंत्राची टकटक. मग त्याच वर्षीचा ‘सूटेबल फॉर फ्रेमिंग’, १९७३ चा ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’, १९७४ चे ‘अ फ्रेंड इन डीड’ आणि ‘निगेटिव्ह रिअ‍ॅक्शन’. हे पाच आवडले तर सत्तरच्या दशकातले बाकीचे निर्धास्त बघा. १९८९ नंतरच्या भागांत फॉक तसाच आहे, पण पटकथा पूर्वीइतकी घट्ट विणलेली नाही.

प्रश्न : तो खरंच इतका विसराळू आहे, की सगळं सोंग? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मालिकेने याचं स्पष्ट उत्तर दिलेलं नाही, आणि ते योग्यच केलं. गबाळेपणा त्याचा स्वतःचा आहे. मळका रेनकोट, विझत आलेला सिगार, खडखडणारी प्युजो ४०३ गाडी हे कोणासाठी घातलेलं सोंग वाटत नाही. पण त्या गबाळेपणाचा वापर तो पूर्ण शुद्धीवर राहून करतो. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच.

लकबी एकेक सुट्या करून बघा. तो संशयिताकडेच पेन्सिल मागतो. पेन्सिल देणारा माणूस नकळत मदतनीस होतो, आणि मदतनीस झाला की बोलत राहतो. तो बायकोचा विषय काढतो : ‘ती तुमची फार चाहती आहे.’ त्या आडून हवा तो खासगी प्रश्न विचारता येतो आणि समोरच्याचा अहंकारही फुलतो. तो कौतुक करतो, आणि ते खोटं नसतं. द्राक्षमळेवाल्याकडून वाइन आणि चित्रसमीक्षकाकडून चित्रं तो खरोखर शिकून घेतो. आणि ते प्रसिद्ध ‘फक्त अजून एक गोष्ट’. चौकशी संपली, कोलंबो दाराकडे निघाला, की खुन्याचे खांदे सैल होतात. नेमक्या त्या क्षणी तो वळतो. ही लकब जन्मली ती मात्र निव्वळ सोयीतून. सुरुवातीच्या नाट्यसंहितेत एक प्रवेश आखूड पडत होता आणि कोलंबो तर बाहेर पडून गेला होता. सगळं पान पुन्हा टंकायला नको म्हणून लेखकद्वयाने त्याला दारातून परत आणलं.

(पुढे ‘सूटेबल फॉर फ्रेमिंग’चा शेवट आहे.) गबाळेपणा हत्यार कसा होतो हे या भागाइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही. चित्रसमीक्षक काकांचा खून करून फ्रेंच चित्रकार देगाची दोन चित्रं पळवतो आणि आळ काकूवर यावा म्हणून ती तिच्या घरी ठेवतो. मध्यंतरी तो स्वतःच्या घरी कागदपत्रांची मोठी पिशवी घेऊन शिरतो तेव्हा कोलंबो तिथे पेंगत बसलेला असतो, आणि भोळ्या कुतूहलाने पिशवीत हात घालतो. आपल्याला तो आगाऊपणा वाटतो. शेवटी काकूच्या घरी चित्रं सापडतात, त्यांच्यावरचे ठसे घेतले जातात, आणि ते निघतात कोलंबोचे. समीक्षक ओरडतो की याने आत्ताच हात लावला. कोलंबो एक शब्द न बोलता खिशातले दोन्ही हात वर काढतो. हातांत मोजे आहेत. चेहऱ्यावर विजय नाही, संवाद नाही, भाग तिथेच संपतो. मघाचा तो आगाऊपणा एका क्षणात पुरावा झालेला असतो.

फॉकच्या नजरेबद्दलही काही पत्रं आहेत. वयाच्या तिसऱ्या वर्षी कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला होता. तो डोळा काचेचा होता. त्या तिरक्या रोखाने बघण्यातून ‘हा माझ्याकडे बघतोय की पलीकडे’ अशी अस्वस्थता समोरच्याला येते, आणि ती या भूमिकेला फार उपयोगी पडली आहे. रेनकोटही त्याचा स्वतःचाच.

प्रश्न : आमच्या गटाला याच पद्धतीची चाळीस मिनिटांची एकांकिका स्पर्धेसाठी बसवायची आहे. लिहिताना काय सांभाळावं? (महाविद्यालयीन वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लेखन शेवटापासून सुरू करा. खुनी कोणत्या एका वस्तूने किंवा वाक्याने अडकतो ते आधी ठरवा. ते ठरल्याशिवाय खून लिहू नका. बहुतेक संहिता इथेच फसतात : खून झकास जमतो, तपासही रंगतो, आणि शेवटी पुरावा न सुचल्याने खुनी घाम पुसत आपणहून कबुली देतो. प्रेक्षकाला ते फसवल्यासारखं वाटतं.

अडकवण्याचे तीन मार्ग या मालिकेत पुन्हा पुन्हा दिसतात. (इथे तीन भागांचे शेवट फुटतात.) पहिला, फक्त खुन्यालाच माहीत असू शकेल अशी गोष्ट. ‘अ‍ॅन एक्सरसाइज इन फेटॅलिटी’मध्ये व्यायामशाळेचा मालक सांगतो की मृताने फोनवर व्यायामाचे कपडे घातल्याचं कळवलं. साक्षीदारांनी तर त्या माणसाला शेवटचं बघितलं ते सुटाबुटात. मग कपडे बदलल्याचं कोणाला ठाऊक असणार? ज्याने प्रेताचे कपडे बदलले त्यालाच. त्याच भागात बुटाच्या नाडीचाही धागा आहे. स्वतःच्या पायातली गाठ आणि समोर बसून दुसऱ्याने बांधलेली गाठ एकमेकींच्या उलट पडते. घरी करून बघा. दुसरा मार्ग, खुन्याला स्वतःच्या हाताने पुरावा उचलायला लावणं. ‘निगेटिव्ह रिअ‍ॅक्शन’मध्ये कोलंबो छायाचित्राची डावं-उजवं उलटलेली प्रत दाखवतो. आतलं मूळ निगेटिव्ह दाखवून निरपराधित्व सिद्ध करायच्या घाईत छायाचित्रकार फळीवरच्या ओळीतून नेमका तोच कॅमेरा काढतो, जो गुन्ह्याच्या जागी वापरला गेला होता. तिसरा आणि सगळ्यात देखणा मार्ग म्हणजे खुन्याचा अभिमानच सापळा करणं. ‘एनी ओल्ड पोर्ट’मधला वाइनतज्ज्ञ सावत्र भावाला तळघरात कोंडून एसी बंद करून आठवडाभर बाहेरगावी जातो. मधल्या उष्म्यात तळघरातली वाइन नासते. तसं कोणालाही कळलं नसतं. कोलंबो त्याच तळघरातली बाटली उपाहारगृहात त्याच्यापुढे येईल अशी व्यवस्था करतो, आणि तो एका घोटात ती नासल्याचं सांगून संतापतो. त्याच्याइतकी जीभ तयार नसती तर तो सुटला असता.

आता वेळेची मांडणी. चाळीस मिनिटांत खुनाला सात-आठ मिनिटांहून जास्त देऊ नका. दहाव्या मिनिटाला पोलीस रंगमंचावर हवा. मध्ये तीन किंवा चार भेटी, आणि दर भेटीत नवा प्रश्न फक्त एक. प्रत्येक भेटीत खुन्याचं वागणं एक पायरी खाली येऊ द्या : आधी आदरातिथ्य, मग कंटाळा, मग वरिष्ठांकडे तक्रारीची धमकी, मग गप्प बसणं. प्रेक्षक हेच बघायला आलेला असतो. शेवटच्या सापळ्याला पाच मिनिटं पुरतात.

रंगमंचाची एक अडचण पडद्याला नसते. कॅमेरा नाडीची गाठ डोळ्यासमोर आणून दाखवतो, तुमच्या पंधराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला ती दिसणार नाही. म्हणून धागा मोठा निवडा : सरकवलेली खुर्ची, बंद केलेला पंखा, न वाजलेला फोन, शिट्टीविना राहिलेला कुकर. आवाजाचे धागे नाटकात फार चांगले काम करतात. आणि तो धागा खुनाच्या वेळी प्रेक्षकांना मिळालाच पाहिजे. मागाहून आणलेला धागा ही फसवणूक आहे.

खुनी पोलिसाशी बोलतोच का, याचंही कारण हवं. तो स्वतःला साक्षीदार किंवा जाणकार म्हणून पुढे करतो, आणि अचानक गप्प बसला तर संशय येईल, एवढं कारण पुरतं.

शेवटचं : नायकाला फाटका कोट घालू नका. तो लॉस एंजेलिसच्या उन्हात, बंगल्यांतल्या श्रीमंतांसमोर विसंगत दिसतो म्हणून बोलतो. तुमच्या संशयिताच्या दिवाणखान्यात काय विसंगत दिसेल ते शोधा. कदाचित जेवणाचा डबा, कदाचित छत्री.

प्रश्न : असा फसवून काढलेला पुरावा कोर्टात टिकेल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अमेरिकेत पोलिसांना चौकशीत खोटं बोलण्याची बरीच मुभा आहे. १९६९ च्या ‘फ्रेझियर विरुद्ध कप’ या खटल्यात साथीदाराने कबुली दिल्याचं पोलिसांनी खोटंच सांगितलं होतं, तरी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा जबाब ग्राह्य धरला. एखाद्याला नवा गुन्हा करायला लावणं वेगळं आणि झालेला गुन्हा युक्तीने उघड करणं वेगळं. तरीही कोलंबोचे काही शेवट चांगल्या वकिलापुढे टिकणार नाहीत हे खरं आहे.

कथानक महाराष्ट्रात घडवणार असाल तर जास्त काळजी घ्या. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम २३ आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग चालतो. म्हणजे आपल्या कथेचा शेवट कबुलीवर नको, वस्तूवर हवा. आणि जप्ती दाखवली की पंच आणि पंचनामाही आला. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही सक्तीचं आहे.

प्रश्न : त्याचं पहिलं नाव काय? आणि बायको कोणत्या भागात दिसते? (एक वाचक, पणजी)

उत्तर : बायको एकाही भागात दिसत नाही. पहिलं नाव कधी उच्चारलं जात नाही. ओळखपत्रावर ‘फ्रँक’ असं दिसतं, पण निर्मात्यांनी ते नाव ठरवून दिलेलं नव्हतं. १९७२ पासून सोबत असणाऱ्या बॅसेट हाउंड कुत्र्यालाही नाव नाही. त्याला ‘डॉग’ म्हणतात.

प्रश्न : दूरदर्शनवरचा ‘करमचंद’ याच घराण्यातला का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नातं आहे, पण दूरचं. १९८५ च्या त्या मालिकेत पंकज कपूर यांनी गाजर खाणारा गुप्तहेर उभा केला आणि ते गाजर घराघरांत पोचलं. करमचंदची लकब त्याच्या हुशारीची निशाणी आहे. तो हुशार आहे हे समोरच्याला कळतं आणि तो ते लपवतही नाही. कोलंबोची लकब हुशारी झाकण्यासाठी आहे. दोन्ही मालिकांत विक्षिप्त नायक, पण त्या विक्षिप्तपणाचं काम अगदी उलट.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीसोबत बघता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुतेक भाग बघता येतील. रक्तपात जवळजवळ नाही, शिवीगाळ नाही, कोलंबोजवळ सहसा पिस्तूलही नसतं. खून मात्र पडद्यावर होतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं आधी स्वतः बघून घ्या. ‘एनी ओल्ड पोर्ट’पासून सुरुवात केलीत तर बरं, त्यात शेवटी पोलीस आणि खुनी एकमेकांशी ज्या सन्मानाने बोलतात ते मुलांनाही कळतं. संवाद वेगवान नाहीत, इंग्रजी उपशीर्षकं लावली की पाठ्यपुस्तकापलीकडचं इंग्रजीही कानावर पडेल. मुलीच्या हातात वही-पेन्सिल द्या. खून झाला की भाग थांबवा आणि खुन्याची चूक कोणती असेल ते तिला लिहू द्या, कोलंबो पहिल्यांदा दारातून आत यायच्या आधी.