समितीची बैठक झालीच नव्हती, मग इतिवृत्त कुठून आणू?

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझं 22 खाटांचं हॉस्पिटल आहे, स्टाफ 19. दोन वर्षांपूर्वी एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारं मंडळ) तयारीसाठी एका सल्लागारांकडून 140 पानी पॉलिसी फाइल करून घेतली. जुलैत पुलावर पाणी आलं, जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी तीन दिवस फिरकली नाही. पाणी उतरलं त्या सकाळी गाडीच्या आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी पोचले. साठलेल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांचे आणि फाइलचेही फोटो काढले. आता कारणे दाखवा नोटीस आली आहे : तुमच्याच धोरणात कचरा रोज उचलला जाईल आणि कचरा व्यवस्थापनाची समिती दरमहा बसेल असं लिहिलंय, तर इतिवृत्तं दाखवा. सल्लागार म्हणतात, मागच्या तारखा घालून दोन दिवसांत करून देतो. की फाइलच गायब करून 'आमचं असं काही धोरण नव्हतं' म्हणू?

उत्तर:

डॉक्टर, हे वाचून झालं की आधी सल्लागारांना फोन करा आणि तो उद्योग थांबवा. सरकारी अधिकाऱ्यापुढच्या कार्यवाहीत वापरायला म्हणून रजिस्टरमध्ये खोटी नोंद करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 228 खाली खोटा पुरावा तयार करण्याचा गुन्हा आहे. 229 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय हे उघडं पडायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. एका जुन्या प्रकरणात माझ्यासमोर बारा महिन्यांची इतिवृत्तं आली होती, सगळी एकाच निळ्या पेनाने लिहिलेली. नोव्हेंबरच्या बैठकीला ज्या सिस्टरची सही होती, त्या नोकरीला लागल्या जानेवारीत. पुढचं सांगायला नको.

फाइल गायब करण्याचा विचारही सोडा. तिचे फोटो नोटिशीच्या बाजूला लागलेले असणार.

आता मूळ नियम बघू, कारण तुमची निम्मी सुटका तिथे आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये आले. त्यात समिती आहे, पण ती सहा महिन्यांतून एकदा बसायची आहे आणि तीही 30 किंवा जास्त खाटांच्या ठिकाणी. 30 हून कमी खाटा असतील तर एका पात्र व्यक्तीला या कामावर देखरेखीसाठी नेमायचं आणि वार्षिक अहवाल द्यायचा. तुमच्या 22 खाटा. म्हणजे जी बैठक न झाल्याबद्दल तुमची झोप उडाली आहे, ती कायद्याने मागितलीच नव्हती! ती मागितली तुमच्या फाइलने, आणि फाइल बहुधा शहरातल्या एखाद्या बड्या हॉस्पिटलची नक्कल असावी. शोधलंत तर कुठल्यातरी पानावर कॅथलॅबचा, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीचा, उल्लेखही सापडेल.

कचरा साठवण्याचंही तसंच. शरीराचे अवयव, रक्ताने माखलेला कापूस-बँडेज असा कचरा प्रक्रियेविना 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण अपरिहार्य कारण असेल तर त्रास होणार नाही अशी काळजी घेऊन मंडळाला कारणासह कळवायचं, अशी सोय नियमातच आहे. ठरल्या वेळी गाडी आली नाही तर तेही लगेच कळवायचं आहे. पुलावरचं पाणी हे चांगलं कारण होतं. तुमची खरी चूक एवढीच की कळवलं नाही.

उत्तरात हेच लिहा. पाणी कधी चढलं, गाडीवाल्याला किती वेळा फोन केले, पिशव्या कुठे आणि कशा ठेवल्या, गाडी आल्यावर किती वजन गेलं. फोनची यादी, बारकोडच्या नोंदी, जे असेल ते जोडा. कळवायचं राहिलं हे सरळ मान्य करा. समितीबद्दल एकच वाक्य पुरे : खाटा 22 असल्याने नियमानुसार देखरेखीसाठी व्यक्ती नेमणं अपेक्षित आहे, धोरणातली तरतूद त्याहून जास्त होती, ती पाळली गेली नाही आणि धोरण आता बदललं आहे. ती व्यक्तीही नेमलेली नसेल तर आजच्या तारखेने नेमा. मुदत चुकवू नका. अपुरी वाटत असेल तर आत्ताच लेखी वाढवून मागा.

जुन्या फाइलवर 'अमुक तारखेपासून रद्द' लिहून सही करा आणि ती कपाटात जपून ठेवा. नवी लिहिताना घाई नको, पण एक गोष्ट आजच करा. रात्रपाळीच्या मावशींबरोबर लेबर रूमपासून कचऱ्याच्या खोलीपर्यंत एक चक्कर मारा. तुमच्या जुन्या फाइलमध्ये 'रुग्णालय कचऱ्याच्या कार्यक्षम व्यवस्थापनासाठी सदैव कटिबद्ध आहे' असलं काहीतरी असेल. त्या वाक्यावरून मावशींना काय करायचं ते कळत नाही, आणि सरकारी वकिलाला मात्र 'सदैव' हा शब्द आयता मिळतो. त्याऐवजी मी असं लिहीन :

'पिवळी पिशवी पाऊण भरली की, आणि नाही भरली तरी रात्री 8 वाजता, ड्युटीवरच्या मावशी ती बांधतील. बारकोड लावून वजन रजिस्टरमध्ये लिहितील, सिस्टर सही करतील. सकाळी 11 पर्यंत गाडी आली नाही तर रिसेप्शनवरील व्यक्ती गाडीवाल्याला फोन करून वेळ लिहून ठेवेल आणि त्याच दुपारी मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला ईमेल करेल. कुठली पायरी चुकली तर कारण त्याच पानावर लिहायचं.'

यात कोण, कधी आणि कशावर नोंद हे आहे, आणि चुकलं तर काय करायचं तेही. मराठीत आहे, मावशींना वाचता येतं. एनएबीएचचे तपासनीस त्यांनाच थांबवून विचारतात, तेव्हा त्यांना उत्तरही देता येईल. हे एक पान भिंतीवर राहू द्या. खाली तारीख, आवृत्ती क्रमांक, तुमची सही.

कायद्याने आकडा दिला असेल तिथे तोच घाला, आपल्या मनाने कडक करू नका. रुग्णाने कागदपत्रं मागितली तर मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या विनियमांत 72 तास आहेत. 'चोवीस तासांत देऊ' असं कौतुकाने लिहिलंत की रविवारी मागितलेली फाइल सोमवारी न मिळाल्याची तक्रार ग्राहक आयोगात तुमच्याच वाक्यानिशी येईल. सोनोग्राफी असेल तर गर्भवतीच्या तपासणीचा 'एफ' फॉर्म गर्भलिंगनिदानबंदी कायद्यातलाच वापरा, स्वतःचा नमुना काढू नका. त्यात एखादं घर चुकलं तरी गुन्ह्याचं गृहीतक तुमच्याविरुद्ध उभं राहतं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती तरतूद कायम ठेवली आहे. अग्निसुरक्षेचा 'ब' नमुना, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. यंदाचा जुलै पुरात गेला असेल तर आज बघा.

आणखी एक. 140 पानांत नको ती समिती घातली, पण लागते ती आहे का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागतेच : अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. तुमच्याकडे 19 माणसं आहेत. नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

मसुदा तयार झाला की नोटिशीच्या प्रतीसह पाठवा, बघून देतो. तोवर जुन्या रजिस्टरला कुणालाही हात लावू देऊ नका. जी घरं कोरी राहिली आहेत, ती कोरीच राहू द्या.