आत्याबाई घर सोडून का गेली नाही?

पत्र : ताई, मी कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला राहते. वय ४९. सांगलीला बी.कॉम. केलं, लग्न होऊन इकडे आले. मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांच्या पदवीचं कॉलेज) सर्जनशील लेखनाचा संध्याकाळचा वर्ग घेतला. मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्या कथा येतात, लोक कौतुक करतात, म्हणून धीर केला. माझी आत्या लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी परतली आणि जन्मभर आमच्याच घरात राबली. तिच्यावर इंग्रजीत गोष्ट लिहिली. वर्गात चर्चा झाली तेव्हा विशीतला एक मुलगा म्हणाला, "ही बाई घर सोडून का जात नाही, तेच कळलं नाही." आणखी दोघींनी माना डोलावल्या. लेखकानं बोलायचं नाही असा नियम, त्यामुळे मी गप्प. गाडीत येऊन रडले. मिस्टर म्हणतात, सोड ते, अकाउंटिंगचे कोर्स घे, नोकरी तरी लागेल. सोडू का?

उत्तर : सोडू नका. निदान ही टर्म संपेपर्यंत तरी नाहीच.

तुम्हाला लागलं ते मला कळतं. आपल्या घरातलं माणूस अनोळखी लोकांपुढे ठेवायचं आणि त्यांनी त्याची उलटतपासणी करायची, हे सोसायला जड जातं. पण त्या मुलाचा प्रश्न जरा बाजूला काढून बघा. त्यात तुमच्या आत्याचा अपमान नाही. तो प्रश्न तुमच्या गोष्टीला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न पडलाच नसता. माहेरी परतलेली विधवा आत्या म्हटल्याबरोबर आपण उरलेलं सगळं मनातच भरून टाकतो. भावजयीचा संसार, पहाटेचं पाणी, कार्याच्या वेळी मागे मागे राहणं. 'बिचारी' म्हणतो आणि पुढचं पान उलटतो. त्यामुळे ती का राहिली हे तुम्हाला कधी लिहावंच लागलं नाही. जायला जागा नव्हती म्हणून? की भावाच्या मुलांत जीव अडकला म्हणून? हातात पैसा नव्हता, की होता आणि कोणी काढून घेतला? की तिला राहायचंच होतं, आणि त्या घरात तिची स्वतःची काही सत्ता होती? या प्रत्येक उत्तराची गोष्ट वेगळी होते. तुमची कुठली, ते त्या मुलानं विचारलं. दिवाळी अंकाच्या वाचकांनी तुम्हाला प्रेम दिलं, ते खरंच आहे. पण ते तुमचेच लोक. "छान झालीय हं कथा" म्हणताना त्यांनी तुमची अर्धी गोष्ट स्वतःच लिहिलेली असते.

आता दुसरा खर्डा करा. समजावणारे परिच्छेद घालू नका, हिंदू विधवांच्या स्थितीवर टिपण तर नकोच. एक प्रसंग लिहा, ज्यात आत्याला जाण्याची खरी संधी आली होती. आली नसेल तर निदान तिनं तसा विचार केला तो दिवस लिहा. माजघर, सोवळं हे शब्द खुशाल तसेच राहू द्या. अनोळखी शब्दाला वाचक अडत नाही, माणूस कळेनासा झाला की अडतो.

लेखकानं गप्प बसायची रीत आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेतून अमेरिकाभर पसरली. ती कार्यशाळा १९३६ पासूनची आहे. पण हा काही कायदा नव्हे. अलीकडे बरेच शिक्षक लेखकाला आधी स्वतःचे प्रश्न मांडू देतात. तुमच्या शिक्षकांना ऑफिस अवर्समध्ये भेटा आणि पुढच्या वेळी मला दोन प्रश्न विचारायचे आहेत असं सांगा. तिथे जायला संकोच करू नका, ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते.

मिस्टरांशी मात्र सरळ बोला. या वर्गानं पगार वाढणार नाही, हे आधी कबूल करा. मग हिशेब मांडा, तुम्ही बी.कॉम. आहात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सरकारी कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला, म्हणजे अभ्यासाच्या एका मापाला, ४६ डॉलर पडतात. तीन युनिटांचे १३८, वर थोडी किरकोळ फी. एवढ्या पैशांत हातात पेन्सिल घेऊन तुमची पानं वाचणारे वर्गभर लोक आणि एक शिक्षक मिळतात. अकाउंटिंग पुढच्या वर्षीही त्याच कॉलेजात मिळेल, हवं तर दोन्ही घ्या. आणि वर्गाच्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे नाही, हेही त्याच बोलण्यात सांगून टाका. (एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर, असलेल्या मैत्रिणींसाठी : तुम्हालाही शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही.)

वयाचा संकोच वाटतो असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण 'विशीतला मुलगा' या शब्दांत तो मला दिसला. ही कॉलेजं उशिरा येणाऱ्यांसाठी, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीच आहेत. ऑक्टेव्हिया बटलर ही मोठी अमेरिकन लेखिका. आई लोकांच्या घरी कामं करायची. ही दिवसा नोकरी करून रात्री पॅसाडेना सिटी कॉलेज या अशाच कम्युनिटी कॉलेजात शिकली आणि १९६८ साली तिथली दोन वर्षांची पदवी घेतली. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या कथास्पर्धेत तिला बक्षीस मिळालं होतं. १९९५ मध्ये तिला मॅकआरthर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला.

इंग्रजीत लिहिलं म्हणून मराठी सुटेल, ही भीती असेल तर तीही ठेवू नका. अरुण कोलटकरांनी दोन्ही भाषांत कविता केल्या. दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेले, आणि पुढेही दोन्हीकडे लिहीत राहिले. माझी तर इच्छा आहे की आत्याची ही सुधारलेली गोष्ट तुम्ही नंतर मराठीतही लिहावी. ती आधीच्या कथांपेक्षा धीट होईल. पुढच्या टर्मला नुसता साहित्यवाचनाचा एखादा कोर्सही घ्या. दुसऱ्यांच्या कथा ओळीओळीनं उलगडताना आपल्या कथेत काय राहून गेलं ते फार लवकर दिसतं.

ग्रेडची धास्ती असेल तर हा कोर्स पास/नो पास पद्धतीनं, म्हणजे ग्रेडऐवजी नुसतं पास की नापास एवढंच लागेल असा, घेता येतो का, ते आजच कॉलेजात विचारा. त्याला मुदत असते. वर्ग सोडायचीही एक मुदत असते, ती उलटून गेल्यावर सोडलात तर नोंदीत 'डब्ल्यू', म्हणजे वर्ग सोडल्याचा शेरा, लागतो. दोन्ही तारखा कॉलेजच्या कॅलेंडरवर असतील. त्या बघून घ्या, आणि दुसरा खर्डा वर्गाला कधी देताय ते मला कळवा.