दहावीनंतरच्या सुट्टीत पुस्तकं, सिनेमे आणि गाणी यांचं नियोजन कसं करू?

तू लिहिलं आहेस की दहावीची परीक्षा झाली, पुण्यातच आहेस, गावाला जाणं होणार नाही आणि या सुट्टीत भरपूर वाचायचं, बघायचं, ऐकायचं आहे. पण दर वर्षी यादी लांबते आणि जूनमध्ये निम्मीसुद्धा झालेली नसते. (दहावीची आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणते.)

माझं पहिलं सांगणं असं, की यादी करूच नकोस. पंचवीस पुस्तकं, तीस सिनेमे असे आकडे लिहिले की मन पुस्तकात राहत नाही, किती उरलं याकडे लागतं. त्यापेक्षा एकच धागा धर, म्हणजे एक माणूस, एक मुलूख किंवा एक काळ. मग त्याच्याशी नातं असलेलं पुस्तक, सिनेमा आणि गाणं शोध. तिन्ही गोष्टी एकमेकींकडे बोट दाखवतात, आणि पुढे काय वाचायचं हे आधीचं वाचलेलंच सांगतं. माझ्या भाचीच्या सुट्टीत आम्ही हेच केलं होतं. तिच्यासाठी निवडलेला धागाच तुला देते. तो मला फार प्रिय आहे.

धागा आहे माणदेशाचा. सांगली-साताऱ्याकडचा हा दुष्काळी टापू. तिथल्या माडगुळ्याचे दोन भाऊ पुढे पुण्यात स्थायिक झाले. थोरले ग. दि. माडगूळकर, धाकटे व्यंकटेश. हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता (पुण्यातलं औंध नव्हे, साताऱ्याकडचं). 1955 साली या दोघांच्या हातून दोन गोष्टी लोकांसमोर आल्या. थोरल्यांचं 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि धाकट्यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी पुस्तकरूपात आली. एकाचं लिखाण अयोध्येतलं, दुसऱ्याचं धनगरांच्या वाडीतलं. एकाच घरातली ही दोन टोकं एका सुट्टीत शेजारी ठेवून पाहणं हा मोठा आनंद आहे.

गाण्यापासून सुरुवात कर, कारण त्याचं नियोजन आपोआप होतं. 'गीतरामायणा'त 56 गीतं आहेत. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गीत लागलं. मग आठवड्याला एक अशा गतीने वर्षभर मालिका चालली. संगीत सुधीर फडक्यांचं. तू रोज एक ऐक. बरोबर आठ आठवड्यांत पूर्ण होतं, म्हणजे एप्रिलच्या आरंभी धरलंस तर मे संपता संपता शेवटचं गीत येईल. एका दिवशी एकच, हा नियम मात्र पाळ. पुढचं ऐकावंसं वाटलं तर तेच पुन्हा ऐक. शब्द समोर ठेवून ऐकलंस तर माडगूळकर किती साधे शब्द वापरून केवढा प्रसंग उभा करतात ते दिसेल. आज बहुतेकांना फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातली गीतं ठाऊक आहेत. आकाशवाणीवर मुळात वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळे गायक होते. वसंतराव देशपांडे आणि माणिक वर्मा हे त्यांतले. ती जुनी ध्वनिमुद्रणं मिळतील तिथे जरूर शोध.

शास्त्रीय संगीताची ओळख करून घ्यायची असेल तर यासारखा रस्ता नाही. पहिलं गीत भूप रागात आहे. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत, पाचच स्वर, त्यामुळे नव्या कानालाही तो लवकर ओळखू येतो. सकाळी गीत ऐकलंस की त्याच दिवशी रात्री जेवणाआधी भूपातला एखादा ख्याल, म्हणजे राग सावकाश उलगडणारं शास्त्रीय गाणं, लाव, कारण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. अगदी दहा मिनिटं ऐकलंस तरी पुरे. शेवटचं गीत भैरवीत आहे. तिथवर पोचशील तेव्हा मैफल भैरवीने का संपते हे कुणी समजावून सांगायला लागणार नाही. आणि दुपारी, बाहेर रस्ते ओस पडलेले असताना, वृंदावनी सारंग लाव. तो मध्यान्हीचा राग आहे, त्यात गंधार (ग) आणि धैवत (ध) नसतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, अशा वेळी सारंग जितका पटतो तितका डिसेंबरात पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता पुस्तकं. 'बनगरवाडी'ने सुरुवात करू नकोस, आधी 'माणदेशी माणसं' घे. 1949 साली आलेला व्यक्तिचित्रांचा संग्रह आहे. एका बैठकीत एक माणूस, त्याहून जास्त नाही. या माणसांची बोली कानात बसली की मग 'बनगरवाडी' उघड. औंध संस्थानातल्या एका वाडीवर नवा, कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला येतो. तिथले कारभारी, रामोशी, मेंढरं, मुलं, वाडीने मिळून तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा, बांधणं आणि पुढे पाऊस न पडणं, एवढंच त्यात आहे. पुस्तक लहान आहे, तीन-चार दिवसांत संपेल, पण घाई करू नकोस. मी तर म्हणेन की ते एप्रिलच्या अखेरीस, ऊन सगळ्यात कडक असतानाच वाच. वाडी रिकामी होत जाते ती पानं थंडीत वाचणं आणि घामेजून वाचणं यांत फरक पडतो. यावर अमोल पालेकरांनी 1995 साली सिनेमा केला. तो पुस्तक संपल्यावर किमान आठवड्याने बघ. मनातली वाडी नीट बसू दे, मग पडद्यावरची बघ, आणि दिग्दर्शकाने काय गाळलं ते वहीत लिहून काढ. सुट्टीतलं एवढं एकच लिखाण मी तुला सांगेन.

दुसरा सिनेमा 'दो आँखें बारह हाथ', 1957 चा, व्ही. शांतारामांचा. हिंदी आहे, पण कथा ग. दि. माडगूळकरांची. खुनाच्या गुन्ह्यातले सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकून माळरान पिकवायला नेणारा जेलर. ही कल्पना हवेतून आलेली नाही. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत खरोखरच वसवली होती. म्हणजे 'बनगरवाडी'चा मुलूख आणि या सिनेमाचं मूळ एकाच संस्थानात सापडतं. हे कळल्यावर सिनेमा पुन्हा बघावासा वाटतो. 1958 साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला 'रौप्य अस्वल' (सिल्व्हर बेअर) हा पुरस्कार मिळाला.

हे सगळं झाल्यावर वेळ उरला तर 'वाटेवरल्या सावल्या' हे थोरल्या माडगूळकरांचं आठवणींचं पुस्तक घे. नाही उरला तर राहू दे.

पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय आहे, लक्ष्मी रोडला पुणे नगर वाचन मंदिर आहे, जे 1848 पासून चालू आहे. कुठल्याही एकाचं सभासदत्व घे. अनामत आणि वर्गणी किती, वेळ कोणती, हे तिथेच विचार. वाचनालयाचा एक मोठा फायदा असा, की पुस्तक परत करायची तारीख ठरलेली असते आणि तीच तुझं वेळापत्रक होते. जाशील तेव्हा सकाळी जा. पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकातही एक फेरी मार, पण जूनच्या आधी मार. पाठ्यपुस्तकांची गर्दी सुरू झाली की तिथे उभं राहून पानं चाळता येत नाहीत.

सिनेमांसाठी घरचा पडदा चालेल. फक्त फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि मध्ये थांबवू नकोस. लॉ कॉलेज रोडला 1964 पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे अधूनमधून खेळ होतात, त्यांची चौकशी करून ठेव. जुना सिनेमा अंधारात, अनोळखी माणसांबरोबर बघायची संधी तुझ्या वयात मिळाली तर सोडू नये.

माणदेश मनाला भिडला नाही तर जबरदस्ती करू नकोस. मग धागा प्रभात फिल्म कंपनीचा घे. 1933 साली कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या या कंपनीच्या स्टुडिओच्या जागेतच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 1937 चा 'कुंकू' बघ. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा आहे. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी, नीरा, त्या लग्नाला नकार देऊन उभी राहते. त्यात पार्श्वसंगीत वापरलेलं नाही, फक्त प्रसंगातले आवाज आहेत. नीरा ग्रामोफोनच्या तबकडीबरोबर गाते तो प्रसंग लक्ष देऊन ऐक. नव्वद वर्षं होत आली तरी नीरेचा संताप जुना वाटत नाही.

एक अडचण तू लिहिली नाहीस, पण ती येणार. अकरावीचे क्लास एप्रिलपासूनच सुरू होतात आणि घरचे म्हणतील की सुट्टी कसली. त्यांच्याशी वाद घालू नकोस, वेळ मागून घे. सकाळी क्लासला निघण्याआधी एक गीत, जेवणानंतरच्या तासात वाचन, शनिवारी रात्री सिनेमा. एवढं मागितलंस तर कुणी नाही म्हणणार नाही. शनिवारच्या सिनेमाला आईबाबांनाही बसव. 'दो आँखें'ची गाणी त्यांना पाठ असण्याची शक्यता बरीच आहे. निकाल साधारण मेमध्ये लागतो आणि मग प्रवेशाचे अर्ज, पसंतीक्रम, कॉलेजांच्या याद्या यांत दिवस निघून जातात. म्हणून 'बनगरवाडी' निकालाच्या आधी वाचून ठेव. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल.