विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमधून मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये घेताना ‘२१४७४८३६४७ डुप्लिकेट एंट्री’ असा एरर येतो. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची न दुहेरावणारी ओळख) पालकांचा मोबाइल नंबर आहे, पण फाइलमध्ये हा नंबरच नाही. काय करावं?

हा आकडा तुमच्या फाइलमधला नाहीच, तो मायएसक्यूएलने तयार केला आहे. मोबाइलचा कॉलम तुम्ही इंट, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारचा, ठेवला असणार. इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे एकही त्यात बसत नाही. स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत आली की एरर देणारी सेटिंग) बंद असेल तर मायएसक्यूएल थांबत नाही, मोठा आकडा छाटून त्या कमाल मर्यादेवर आणून ठेवतो. पहिली ओळ आत गेली, दुसरीचाही तोच आकडा झाला आणि १०६२ नंबरचा, म्हणजे डुप्लिकेट एंट्रीचा एरर आला. स्ट्रिक्ट मोड मायएसक्यूएल ५.७ पासून मुळातच चालू असतो, पण जुन्या सेटिंगमुळे तो बऱ्याच ठिकाणी बंद केलेला असतो. आधी तो चालू करा, म्हणजे खरा एरर दिसेल: आउट ऑफ रेंज, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर.

कॉलम व्हारचार, म्हणजे मजकुराचा केलात की हा एरर जाईल, पण लगेच दुसरा येईल. मोबाइल पालकांचा आहे, मुलाचा नाही. पाचवीतली बहीण आणि दुसरीतला भाऊ, दोघांपुढे आईचाच नंबर लिहिलेला असणार. अशा वेळी इन्सर्ट इग्नोर किंवा रिप्लेस ही कमांड वापरा असा सल्ला हमखास मिळतो. कृपा करून ऐकू नका. इग्नोरमध्ये भाऊ गुपचूप गळतो. रिप्लेसमध्ये आधी आलेल्या बहिणीची ओळ पुसून भावाची बसते, आणि फीच्या टेबलला डिलीट कॅस्केड (मूळ ओळ पुसली की जोडलेल्या नोंदीही पुसणं) लावलेलं असेल तर तिच्या फीच्या नोंदीही जातात. मूल रोज शाळेत येतं आणि यादीत त्याचं नाव नाही, ही साधी तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही.

प्रायमरी की म्हणून वेगळा आयडी ठेवा, ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढत जाणारा), ज्याला बाहेरच्या जगात काही अर्थ नाही. मोबाइल बदलतो, हजेरी क्रमांक दर जूनमध्ये बदलतो, हा आयडी बदलत नाही. मात्र तेवढ्यावर थांबलात तर तीच फाइल दोनदा इम्पोर्ट केली तरी एरर येणार नाही आणि प्रत्येक मूल दोनदा दिसेल. म्हणून शाळेचा यूडायस कोड (सरकारने प्रत्येक शाळेला दिलेला क्रमांक) आणि जनरल रजिस्टर नंबर (प्रवेशाच्या नोंदवहीतला मुलाचा क्रमांक) या जोडीवर युनिक की लावा, म्हणजे तीच जोडी दोनदा घेतली जाणार नाही. नुसता रजिस्टर नंबर पुरत नाही, कारण एकाच संस्थेच्या प्राथमिक आणि माध्यमिक विभागांची रजिस्टरं वेगळी असली की तोच नंबर दोन्हीकडे असतो. यूडायस ११ आकडी आहे, तोही इंटमध्ये मावत नाही. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते सगळे मजकूर म्हणून साठवा.

सरल या राज्याच्या शालेय ऑनलाइन प्रणालीतला विद्यार्थी आयडी युनिक ठेवायचा विचार असेल तर एक्सेलपासून सांभाळा. तो १९ आकडी आहे आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडेच धरतं, पुढच्या चारांचे शून्य करतं. एका शाळेतल्या मुलांचे आयडी बहुधा शेवटच्या आकड्यांतच वेगळे असतात, त्यामुळे अख्खा वर्ग एकाच आयडीचा होऊन बसतो. आणि गेलेले आकडे नंतर कॉलम टेक्स्ट करूनही परत येत नाहीत. रिकाम्या शीटमध्ये कॉलम आधी टेक्स्ट करा, मगच आयडी पेस्ट करा. तयार सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) मिळाली असेल तर ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका.

इम्पोर्टही थेट पक्क्या टेबलमध्ये नको. सगळे कॉलम व्हारचार आणि एकही की नाही असं कच्चं टेबल करा, त्यात फाइल जशीच्या तशी ओता. मोकळ्या जागा ट्रिम करा, मग यूडायस आणि रजिस्टर नंबरवर ग्रुप बाय (गट पाडणं) करून एकाहून जास्त वेळा येणाऱ्या ओळी शोधून काढा आणि त्या वर्गशिक्षकांना दाखवा. एकच मूल दोनदा लिहिलंय की कुणाचा नंबर चुकलाय, ते त्यांनाच सांगता येईल. दुरुस्ती झाली की इन्सर्ट सिलेक्ट या कमांडने कच्च्या टेबलमधून पक्क्या टेबलमध्ये घ्या आणि दोन्हीकडच्या ओळींची संख्या जुळवून पाहा.