लोक हसले तर?

अपंगत्व असलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि त्याच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो: लोकांनी कीव केली तर? हसणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. डोळ्यांत पाणी आणून ‘बिचारी’ म्हणणाऱ्याला काय बोलणार?

अशाच एक आई माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी अकरा वर्षांची, डिस्कायनेटिक प्रकारचा सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं. यात हात, मान, चेहरा मनात नसताना वळतात. आनंद, भीती किंवा ताण वाढला की या हालचालीही वाढतात, गाढ झोपेत थांबतात. बोलणं अडखळत, पण समज एकदम पक्की. तिला शाळेच्या कार्यक्रमात नाचायचं होतं. शिक्षिकेनं मागच्या रांगेत व्हीलचेअरवर झाड व्हायला सुचवलं होतं. आईंना तेही नको होतं. “मॅडम, स्टेजवर तिचे हात जास्तच उडतात. लोक तिच्याकडे कसे बघतील, हे मला बघवणार नाही.”

मी मुलीला विचारलं. वेळ लागला, पण वाक्य तिनंच पूर्ण केलं. “मला झाड नाही व्हायचं. झाड हलत नाही.”

मग पुढच्या भेटीला शिक्षिकेलाही बोलावलं. ठरलेल्या नाचात तिला कसं बसवायचं, हे कोडं आम्ही सोडून दिलं आणि तिचा हात मुळात कसा जातो ते पाहायला लागलो. उजवा हात वर जाताना एक वळसा घ्यायचा, मनगट बाहेर फिरायचं, मग बोटं एकेक करून उघडायची. शिक्षिका नाचातल्या होत्या, त्यांची नजर तिथेच थबकली. तो वळसाच नाचाची मुख्य हालचाल ठरला. बाकीच्या मुली तो तिच्याकडून शिकल्या, आणि त्यांना तो सहजी जमेना.

फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं खुर्चीत कंबरेला आणि पायांना नीट आधार दिला, कारण धड स्थिर असलं की हातांवर ताबा ठेवणं सोपं जातं. लय संथ केली. सराव आधी दोघांसमोर, मग वर्गासमोर, म्हणजे अनोळखी नजरांचा ताण एकदम अंगावर येणार नाही. सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांचं अंग अचानक मोठा आवाज झाला की दचकून ताठ होतं. तिचंही व्हायचं. म्हणून नाच संपेपर्यंत टाळ्या वाजवू नका, असं आधीच जाहीर करायचं ठरलं. मला या सूचनेचा आणखी एक फायदा दिसत होता. पडदा उघडताच, मुलानं काही करण्याआधीच ज्या टाळ्या पडतात, त्या त्याच्या कलेला नसतातच. ऑस्ट्रेलियातल्या अपंग विनोदकार स्टेला यंग यांनी २०१४ मध्ये एका भाषणात नेमकं यावर बोट ठेवलं होतं: आम्ही नुसतं जगलो तरी तुम्ही आम्हाला प्रेरणा करून टाकता.

त्या दिवशी मी प्रेक्षकांत होते. सुरुवातीला तिचे हात खूपच उडाले, मान मागे गेली. ढोलकीचा ठेका तिच्यासाठी थांबला. मग तो वळसा आला, सावकाश, आणि मागच्या सगळ्या मुलींचे हात तिच्या हातामागून वर गेले. तिची बोटं उघडायला लागणारा तो क्षणाचा उशीर, त्यातच नाचाचा जीव होता. सराव इतके वेळा पाहूनही मला ते आधी दिसलं नव्हतं. इतर मुलींचे हात सुबक होते, पण नजर मात्र तिच्यावरून हटत नव्हती. ते सुंदर होतं. ‘एवढं असूनही सुंदर’ अशी जोड त्याला द्यायची मला गरज वाटत नाही.

हसलं का कुणी? पुढच्या रांगेतली दोन लहान मुलं हसली, मग गप्प होऊन बघत राहिली. आईंनी ते पाहिलं आणि त्या निभावल्या.

प्रत्येक मुलाला स्टेजवर ढकला, असं मी अजिबात सांगणार नाही. काहींना गर्दी सोसत नाही, काहींना नाचायचंच नसतं. तो नकारही तितकाच मानायला हवा. आधी मुलाला विचारा आणि उत्तरासाठी त्याला लागेल तेवढा वेळ द्या.

पुढच्या भेटीत आईंचा प्रश्न वेगळा होता. स्टेजला रॅम्प नसल्यानं दोघांनी लेकीला खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं आणि तिला ते मुळीच आवडलं नव्हतं. शाळेला द्यायचा अर्ज मायलेकींनी लिहायला घेतला होता, मजकूर लेक सांगत होती.